थांबला की नाही थांबला?

२०२२ च्या सप्टेंबरमधला शेवटचा आठवडा आठवतोय? २४ तारखेला लॉर्ड्सवर झूलन गोस्वामीची शेवटची मॅच होती. दीप्ती शर्मा बोलिंगला आली, नॉन-स्ट्रायकर एंडची चार्ली डीन क्रीज सोडून पुढे सरकलेली, आणि दीप्तीनं चेंडू टाकायच्या ऐवजी बेल्स उडवल्या. आउट. मॅच खल्लास, सिरीज ३-०. त्यानंतर प्रत्येक कॅन्टीनमध्ये आणि प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच भांडण सुरू झालं. हे नियमात बसतं का? आणि बसत असलं तरी बरोबर आहे का?

तीन दिवसांनी, २७ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये मेट्स आणि मायामी मार्लिन्स यांच्यात बेसबॉलची मॅच चालू होती. आठवी इनिंग. मार्लिन्सचा पिचर रिचर्ड ब्लायर, फर्स्ट बेसवर मेट्सचा जेफ मॅकनील, बॅट घेऊन समोर पीट अलोन्सो. फर्स्ट बेसच्या अम्पायरनं हात वर केला आणि ओरडला, ‘बॉक!’ मॅकनील सेकंड बेसवर. थोड्या वेळानं पुन्हा बॉक, मॅकनील थर्डवर. मग तिसऱ्यांदा बॉक, आणि मॅकनील चालत चालत होमवर. एका बॅटरच्या पाळीत तीन बॉक! बॅटला चेंडू न लागता, कुणी धावत बेस न चोरता, मेट्सच्या नावावर एक रन. २०१६ पासून मेजर लीगमध्ये तीनशेहून अधिक इनिंग टाकलेल्या या ब्लायरचा त्याआधी एकही बॉक दिला गेला नव्हता. मार्लिन्सनं मॅच ६-४ अशी जिंकली, पण तोवर ब्लायर अम्पायरशी वाद घालून मैदानाबाहेर गेलेला होता.

आपल्याकडे या दुसऱ्या घटनेची चर्चा कुठून होणार? पण दोन्हीकडे मुद्दा एकच आहे. चेंडू ज्याच्या हातात आहे तो, आणि बेस किंवा क्रीज सोडून पुढे सरकायला टपलेला धावपटू. कोणी कोणाला किती फसवायचं, याची सीमा कागदावर कुणीतरी आखलेली असते. मैदानावर ती सीमा रोज नव्याने आखतो तो अम्पायर. आणि आमचं म्हणणं असं, की त्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये चूक झाली असेल तर ती आपल्याला वाटते त्या जागी झालेली नाही.

आधी बॉक म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण क्रिकेटवर पोसलेल्या डोक्याला हे प्रकरण पहिल्यांदा जाम विचित्र वाटतं.

बेसबॉलचा पिचर आपल्या फास्ट बोलरसारखा रनअप घेत नाही. मैदानाच्या मध्ये दहा इंच उंचीचा मातीचा उंचवटा असतो, त्याला माउंड म्हणतात. माउंडवर २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशी पांढरी रबरी पट्टी पुरलेली असते. ती होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर असते, आणि हे अंतर १८९३ पासून बदललेलं नाही. पिचरचा एक पाय या रबरला टेकलेला हवा. उजव्या हातानं टाकणाऱ्याचा उजवा, डावखुऱ्याचा डावा. हा त्याचा टेकूचा पाय. तो रबरला लागला की पिचर नियमांच्या ताब्यात गेला, असंच समजा. मग त्याला तीनच गोष्टी करता येतात. बॅटरकडे पिच टाकणं, एखाद्या बेसच्या दिशेनं पाऊल टाकून तिथे चेंडू फेकणं, किंवा टेकूचा पाय मागे घेऊन रबरवरून उतरणं. चौथं काही नाही.

उभं राहायच्या पद्धतीही दोनच. पहिली वाइंडअप. पिचर बॅटरकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा पाय मोकळा असतो, तो एक पाऊल मागे घेता येतो, मग एक पाऊल पुढे, आणि पिच. हालचाल लांबलचक, ऐसपैस. दुसरी पद्धत सेट. यात टेकूचा पाय रबरला समांतर लावलेला आणि दुसरा पाय रबरच्या पुढे. उजव्या हाताचा पिचर थर्ड बेसकडे छाती करून आडवा उभा राहतो. मग चेंडू दोन्ही हातांत धरून अंगापुढे आणतो आणि थांबतो. पूर्ण थांबतो. त्यानंतरच पिच.

सगळा घोळ या ‘पूर्ण थांबतो’मध्ये आहे.

थांबायचं कशासाठी? तर रनरसाठी. फर्स्ट बेसवरचा रनर काही बेसवर पाय ठेवून गप्प उभा नसतो. तो चार पावलं पुढे सरकलेला असतो, पिचरवर डोळा ठेवून. पिचर बॅटरकडे टाकणार असं वाटलं की तो सेकंडकडे सुटणार, पिचर आपल्याकडे वळला की उडी मारून परत फर्स्टला. हा त्या दोघांचा खेळ आहे, आणि त्यात रनरला निदान एक खूण मिळायला हवी: हात थांबले, म्हणजे आता पुढची हालचाल खरी. पिचर थांबलाच नाही, वाहत्या हालचालीतच टाकून मोकळा झाला, तर रनरला सुटायचं कधी आणि परतायचं कधी हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून बेसवर कोणी नसेल तर सेटमध्ये थांबायची सक्तीही नाही. तेव्हा फक्त बॅटर तयार नसताना घाईनं टाकून त्याला धोक्यात आणायचं नाही, एवढंच पाहतात.

म्हणजे पिचरच्या उभं राहण्याचे नियम दिसायला पिचरबद्दल आहेत, पण ते लिहिलेले आहेत रनरकरता. आमच्या मते हे एक वाक्य डोक्यात बसलं की निम्मी नियमावली आपोआप उलगडते.

याचा पुरावा आपल्या घरातच आहे. महाराष्ट्रात कितीतरी कॉलेजांत बेसबॉलच्या आधी सॉफ्टबॉल पोचला. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये रनरला पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडताच येत नाही. मग त्याला फसवायचा प्रश्नच येतो कुठे? तिथे पिचरवर बंधनं आहेत, बेकायदा पिचला शिक्षाही आहे, पण रनर आणि पिचर यांच्यातला हा डोळ्यांचा खेळ नाही. सॉफ्टबॉलवरून बेसबॉलकडे वळलेल्या मुलामुलींना बॉक समजायला वेळ लागतो तो यामुळे. त्यांना नियम अवघड जात नाही. ज्याच्यासाठी नियम आहे तो पुढे सरकलेला रनर त्यांनी आधी पाहिलेलाच नसतो.

आता अम्पायरच्या जागी उभे राहून बघा.

बेसवर रनर आहे. पिचर टेकूचा पाय रबरला समांतर ठेवून उभा आहे, दुसरा पाय पुढे. हा सेट आहे की वाइंडअप? काही पिचर वाइंडअपसुद्धा जवळपास याच उभं राहण्यातून करतात. आणि वाइंडअपमध्ये थांबायची अट नाही! मग थर्ड बेसवरच्या रनरनं काय समजायचं? मेजर लीगच्या नियमावलीनं यावर तोडगा काढला आहे, आणि तो आम्हाला फार आवडतो. रनर असताना पिचर असा उभा राहिला तर तो सेटमध्येच आहे असं गृहीत धरायचं. त्याला वाइंडअप करायचं असेल, तर त्यानं बॅटरची पाळी सुरू व्हायच्या आधी अम्पायरला तसं सांगायचं. पाळीच्या मध्येच बदल सांगता येतो तो दोनच वेळा, बॅटिंग करणाऱ्या टीमनं खेळाडू बदलला तर किंवा रनर पुढे सरकला तर. म्हणजे अम्पायरला पिचरच्या मनात शिरावं लागत नाही. पायाचा कोन बघायचा, आधी काही सांगितलंय का ते आठवायचं, झालं. चांगला नियम असा असतो. अंदाजाच्या जागी तो एक वाक्य बोलायला लावतो.

पण थांबण्याचं असं करता येत नाही. किती वेळ थांबलं म्हणजे थांबलं? नियमावलीत सेकंद दिलेले नाहीत. अर्धा? पाव? हात खाली येऊन पोटाशी टेकले आणि लगेच उठले, तर मध्ये थांबले का? भिंतीवर मारलेला चेंडूसुद्धा परत फिरताना क्षणभर थांबतोच की! भौतिकशास्त्राचा विद्यार्थी इथे तासभर वाद घालू शकेल, अम्पायरकडे तेवढा वेळ नाही. पुढच्याच क्षणी नव्वद मैलांच्या वेगानं चेंडू येणार असतो आणि तो स्ट्राइक आहे का हेही कुणीतरी सांगायचं असतं.

यावर ‘कडक व्हा’ हा उपाय करून झालाय. १९६३ मध्ये नॅशनल लीगनं थांबण्याच्या नियमाची अंमलबजावणी कडक केली, आणि ४ मे रोजी मिलवॉकी ब्रेव्हजच्या बॉब शॉला एका मॅचमध्ये पाच बॉक मिळाले. खरा तमाशा झाला तो १९८८ मध्ये. नियमातले शब्द बदलले. आता थांबणं नुसतं पूर्ण नको, तर एकच, पूर्ण आणि स्पष्ट दिसेल असं हवं, दोन्ही पाय जमिनीवर हवेत. एक विशेषण वाढलं, बस्स. आदल्या मोसमात दोन्ही लीगमध्ये मिळून ३५६ बॉक होते, ते झाले ९२४! ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टला एकट्याला १६ मिळाले. हा कोणी लटपटणारा नवखा नव्हता बरं, त्याच मोसमात त्यानं २१ मॅच जिंकल्या आणि त्याची टीम वर्ल्ड सीरिजपर्यंत गेली. मग काय सगळे पिचर एका हिवाळ्यात लबाड झाले होते? पिचर तेच होते, हालचालीही बहुतेक त्याच. बदलली होती ती फक्त पाहणाऱ्याची नजर. पुढच्याच वर्षी ते विशेषण गुपचूप काढून टाकलं गेलं.

आपल्याकडे ७५ टक्के हजेरीचा नियम कसा वर्षभर झोपलेला असतो आणि परीक्षेच्या तोंडावर अचानक जागा होतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नियम चुकीचा असतो असं नाही. राग येतो तो त्याच्या जागं होण्याच्या वेळेचा.

मग उलट टोक? ‘अम्पायरनं पिचरचा हेतू बघावा, उगाच पाय-हात मोजत बसू नये’ असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांच्याकडे आधारही आहे. मेजर लीगच्या नियमावलीतल्या टिपेत म्हटलंय, की बॉकचा उद्देश पिचरनं रनरला मुद्दाम फसवू नये हा आहे, आणि अम्पायरच्या मनात शंका असेल तर पिचरचा हेतू निर्णायक मानावा. वाचायला छान वाटतं. पण त्यातलं ‘शंका असेल तर’ लोक गिळून टाकतात. त्याच नियमात तेरा प्रकारचे बॉक मोजून दिले आहेत आणि त्यातला एक असा, की रबरवर उभ्या पिचरच्या हातातून चेंडू निसटून पडला तर बॉक. मुद्दाम पाडला की चुकून पडला, फरक पडत नाही. इथे कुठला आलाय हेतू? घाम आलेल्या हाताला हेतू नसतो.

म्हणजे क्रम असा आहे. जे घडलं ते स्वच्छ दिसलं, तर नियमात लिहिलंय तेच. दिसलं पण नक्की काय दिसलं याची खात्री नाही, तर हेतू. अनेक अम्पायर हा क्रम उलटा लावतात आणि फसतात. आधी ‘बिचाऱ्याचा तसा काही इरादा नव्हता’ असं ठरवायचं आणि मग डोळ्यांसमोर घडलेलं सोडून द्यायचं, हाही अन्यायच आहे. फक्त तो रनरवर होतो, आणि रनर ओरडत नाही म्हणून दिसत नाही.

या क्रमाची गंमत सांगणारे दोन किस्से आहेत. पहिला १९६१ चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवरचा. हे मैदान वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध होतं. ऑल-स्टार गेममध्ये नवव्या इनिंगला स्टू मिलर नावाचा किरकोळ अंगाचा पिचर रबरवर सेट झाला, जोराचा वारा आला, मिलर हलला. बॉक! दोन रनर एकेक बेस पुढे. पुढे ‘वाऱ्यानं पिचर माउंडवरून उडाला’ अशी दंतकथा झाली. खुद्द मिलर आयुष्यभर सांगत राहिला की मी फक्त थोडा डोललो. हेतूचा प्रश्नच नव्हता, वाऱ्यानं कोणाला फसवायचं ठरवलं नव्हतं. तरीही बॉक दिला गेला, कारण तो हलला हे सगळ्यांना दिसलं. (मॅच शेवटी मिलरच्याच टीमनं जिंकली, तीही त्याच्याच नावावर.)

दुसरा किस्सा १४ जून २०१९ चा. लॉस एंजेलिस डॉजर्सचा केन्ली जॅन्सन शिकागो कब्जविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये पिच टाकत होता. सेकंड बेसवर जेसन हेवर्ड. सेकंडवरच्या रनरला कॅचरच्या खुणा दिसतात, तो त्या बॅटरला पोचवेल ही भीती. मग जॅन्सननं काय करावं? मुद्दाम, उघड उघड पाय हलवून बॉक केला, जेणेकरून रनर थर्डवर जावा आणि त्याला खुणा दिसू नयेत! बॉक मिळाला, हेवर्ड थर्डवर गेला, बॅटर आउट झाला, डॉजर्स जिंकले. फसवणूक रोखण्यासाठी केलेला नियम, आणि पिचर तो प्रामाणिकपणे मोडून दंड मागून घेतोय. हेतू बघायचा म्हटलं तर इथे अम्पायरनं काय करायचं होतं? त्यानं दिसलं ते दिलं. बरोबर केलं.

डावखुऱ्या पिचरचं प्रकरण याहून नाजूक. तो सेटमध्ये उभा राहिला की त्याचं तोंडच फर्स्ट बेसकडे असतं. उजवा पाय वर उचलला की तो पाय होमकडे जाणार की फर्स्टकडे हे रनरला शेवटपर्यंत कळत नाही. नियम म्हणतो, फर्स्टला टाकायचं तर पाऊल थेट फर्स्टच्या दिशेनं पडायला हवं. थेट म्हणजे किती थेट? अम्पायर मंडळींनी यावर फर्स्ट आणि होमच्या मधोमध पंचेचाळीस अंशांची एक काल्पनिक रेघ ठरवली आहे. पाऊल रेघेच्या फर्स्टकडच्या बाजूला पडलं तर ठीक, होमकडे पडलं तर बॉक. ही रेघ नियमावलीत कुठेही नाही. पण ती सगळ्यांना माहीत आहे, पिचरलाही, रनरलाही. अँडी पेटिटसारख्या डावखुऱ्यानं अख्खी कारकीर्द या रेघेच्या काठाकाठानं रनर टिपण्यात घालवली. प्रतिस्पर्धी टीम ‘बॉक, बॉक’ म्हणून ओरडत राहायच्या. पण तो कुठल्या रेघेशी खेळतोय हे त्यांनाही ठाऊक होतं. न लिहिलेला अर्थ चालतो तो सगळ्यांना आधीपासून ठाऊक असला तरच.

आपल्या क्रिकेटनंही हा धडा घेतलाय, जरा महागात. १९९५ च्या बॉक्सिंग डे टेस्टमध्ये मेलबर्नला डॅरेल हेअरनं मुरलीधरनला सात वेळा नो-बॉल दिला. हात वाकतोय असं त्याला दिसलं, त्यानं दिलं. पुढे प्रयोगशाळेत मोजमाप झालं तेव्हा कळलं, की ज्यांची ॲक्शन शुद्ध समजली जायची अशा कितीतरी बोलरचा कोपर थोडाफार सरळ होतोच. शेवटी २००५ मध्ये १५ अंशांची मर्यादा आली आणि तपासणी मैदानावरून प्रयोगशाळेत गेली. दीप्तीच्या प्रकरणातही तसंच. तो रनआउट आधी ‘अनफेअर प्ले’च्या कलमात होता, तो त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून साध्या ‘रनआउट’च्या कलमात गेला. बदल मार्चमध्येच जाहीर झालेला होता. नॉन-स्ट्रायकरसाठी याहून स्पष्ट पाटी कुठली?

बेसबॉलमध्ये मात्र ही सोय नाही. कितीतरी निर्णयांवर मेजर लीगमध्ये व्हिडिओ रिव्ह्यू मागता येतो, पण बॉक झाला की नाही यावर मागता येत नाही. अम्पायरच्या डोळ्यांना जे दिसलं ते अंतिम. म्हणूनच ब्लायरचा राग समजू शकतो.

आता त्या संध्याकाळकडे बघू. सोशल मीडियानं तेव्हा सरळ निकाल लावला होता की अम्पायरला मिरवायचं होतं. आम्हाला ते पटत नाही. पहिला बॉक झाल्यावर पिचरला कळलं होतं की या अम्पायरला आपलं थांबणं दिसत नाहीये. त्यानंतर हात एक सेकंद जास्त स्थिर ठेवणं त्याच्याच हातात होतं. दुसरा आणि तिसरा बॉक म्हणूनच आम्ही पिचरच्या नावावर टाकू. एकदा दिल्यावर दुसऱ्यांदा तसंच दिसलं आणि अम्पायरनं कच खाल्ली असती, तर पहिला निर्णयही खोटा ठरला असता.

पण पहिला? पहिला बॉक ना पिचरच्या खात्यात जातो ना त्या एका अम्पायरच्या. तीनशे इनिंग टाकलेल्या माणसाला जर तोवर कुणीही ‘तू थांबत नाहीस’ असं म्हटलं नसेल, तर त्याच्या दृष्टीनं त्याचं थांबणं हेच कायदेशीर थांबणं आहे. इतक्या अम्पायरांनी गप्प राहून त्याला तसं शिकवलंय. मग आठव्या इनिंगमध्ये मॅच अटीतटीची असताना एकानं उठून शब्दशः नियम लावला, तर त्याचा शब्द खरा असूनही तो अन्यायाच्या जवळ जातो. दंड एका माणसाला झाला. ढिलाई मात्र सगळ्या व्यवस्थेची होती.

हे नीट कसं करतात तेही मेजर लीगनंच पुढच्या मोसमाच्या आधी दाखवलं. २०२३ साठी पिच क्लॉक आला, पिचरनं रबरवरून उतरण्यावर किंवा बेसवर चेंडू फेकण्यावर एका बॅटरच्या पाळीत दोनची मर्यादा आली, तिसऱ्या वेळी रनर आउट झाला नाही तर बॉक. त्याबरोबरच टीमना आधीच कळवण्यात आलं की पावलांचे आणि थांबण्याचे जुनेच नियम आता कडक पाहिले जातील. ह्यूस्टनचा लुइस गार्सिया पिचच्या आधी बाळाला झोपवत असल्यासारखा डुलायचा आणि पावलं टाकायचा, प्रेक्षकांना ते फार आवडायचं. त्याला ती सवय सोडावी लागली. वाईट वाटलं, खरंच. पण त्याला हे आठव्या इनिंगमध्ये कळलं नाही. मोसम सुरू व्हायच्या कितीतरी आधी कळलं, सराव सामन्यांत चुका करून घ्यायला वेळ मिळाला. १९८८ मध्ये आणि २०२३ मध्ये फरक आहे तो आमच्या मते एवढाच, की एकदा विशेषण वाढवून बघितलं गेलं आणि एकदा कोणती हालचाल चालणार नाही हे बोट ठेवून सांगितलं गेलं.

तुम्ही म्हणाल, हे मेजर लीगचं पुराण आम्हाला कशाला? तर आंतरविद्यापीठ स्पर्धांत बेसबॉल आहे, मुलांचाही आणि मुलींचाही. कॉलेजच्या मैदानावर सराव मॅचला अम्पायर म्हणून उभं राहतं ते तुमच्यातलंच कुणीतरी. दुखापत झालेला कॅचर, सीनियर, कधी नुसतीच ‘याला नियम माहीत आहेत’ म्हणून पुढे ढकललेली मुलगी. आणि तिथे बॉक हा नियमांपेक्षा आवाजाचा प्रश्न होतो. डगआउटमधून दहा जण ‘बॉऽऽक’ ओरडले की दिला, नाही ओरडले की नाही दिला. कधी आपल्याच कॉलेजचा पिचर आहे म्हणून सोडला, कधी समोरच्या टीमचे सर ओळखीचे म्हणून.

अशा वेळी जागेचं भान फार कामाला येतं. दोनच अम्पायर असतील तर फर्स्टवर रनर असताना बेस अम्पायर माउंड आणि सेकंड बेसच्या मध्ये उभा असतो, म्हणजे पिचरच्या पाठीमागे. त्याला पिचरचे हात अंगापुढे थांबले की नाही हे धड दिसूच शकत नाही. त्याला टेकूचा पाय दिसतो, तो रबरवरून मागे उतरला की पुढे, मोकळा पाय बेसकडे पडला की भलतीकडे. हात दिसतात ते प्लेटमागच्या अम्पायरला. म्हणून मॅचच्या आधी दोघांनी वाटून घ्यायला हवं, हात तुझे, पाय माझे. जे आपल्या जागेवरून दिसत नाही त्यावर ओरडायचं नाही, मग डगआउट कितीही पेटो. आणि एकटाच अम्पायर असेल, तर त्यानं स्वच्छ दिसलेलंच द्यावं. शोधून शोधून बॉक काढायला त्याला माउंडवर पाठवलेलं नसतं.

यासोबत एक सोपी पडताळणी आहे. हात वर करायच्या आधी स्वतःला विचारायचं, हीच हालचाल पहिल्या इनिंगमध्ये दिसली होती का, आणि तेव्हा मी काय केलं? तेव्हा सोडली असेल तर ओव्हर संपल्यासारखा जो मधला वेळ मिळतो, त्यात पिचरला आणि दोन्ही कोचना बोलावून सांगायचं की हे मला थांबल्यासारखं दिसत नाहीये, पुढच्या वेळी देईन. दोन्ही कोचना, बरं का. एकाच्याच कानात सांगितलं की तो सल्ला होतो.

कुणी म्हणेल, असं सांगत बसलं तर अम्पायरचा वचक जातो. उलट आहे. न सांगता दिलेल्या बॉकवर पंधरा मिनिटं भांडण होतं, सांगून दिलेल्यावर पिचर स्वतःवर चिडतो.

नवा मोसम तोंडावर आहे, म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या जिमखान्यांकडे आणि क्रीडा विभागांकडे आमची एक मागणी. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी सगळ्या टीमचे पिचर, कोच आणि अम्पायर यांना अर्धा तास एका माउंडवर बोलवा. प्रत्येक पिचरला रनर ठेवून पाच वेळा सेटमधून टाकू द्या, ज्याला समांतर पायानं वाइंडअप करायचं असेल त्याला तेही करून दाखवू द्या. डावखुऱ्यांसाठी पंचेचाळीस अंशांची रेघ चुन्यानं मातीवर मारा. ज्याचं थांबणं अम्पायरला दिसत नाही त्याला तिथेच सांगा, सगळ्यांसमोर. खर्च अर्ध्या तासाचा आणि मूठभर चुन्याचा.